पाय टेकायची पट्टी

४ जानेवारी

गॅरेजचा ऑइलवाला दर वर्षी एक डायरी फुकट देतो आणि मी दर वर्षी तिच्यात शिकाऊ मंडळींच्या वेळा लिहिते. यंदाची मात्र माझी. यंदा मी शिकवण्याखेरीज दुसरंही काही करणार आहे आणि ते कसं झालं ते माझ्या हातचं लिहिलेलं असावं. नाहीतर आमच्या घरात पुढे प्रत्येक जण आपल्या सोयीचं सांगेल.

झालं असं. मिस्त्रींची गाडी शर्यतीत चालवणारा फोटोग्राफर बाथरूममध्ये घसरला आणि मनगट मोडून बसला. मिस्त्री म्हणजे माझा नवरा. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात म्हणून मीही म्हणते. ते मला मास्तरीणबाई म्हणतात, कारण घराच्या पुढच्या बाजूला माझी ड्रायव्हिंग स्कूल आणि मागच्या बाजूला त्यांचं गॅरेज. ती दोन दारांची जुनी गाडी त्यांनी वर्षानुवर्षं खपून शर्यतीसाठी बांधली आहे. फेब्रुवारीत घाटाचा रस्ता एक दिवस बंद करतात आणि गाड्या एकेक करून, घड्याळ लावून, वर सोडतात. आमची गाडी आजवर दोनदा गेली आणि दोन्ही वेळा अर्ध्या घाटातून दोरीने बांधून परत आली. मिस्त्रींचा एक डोळा अधू, त्यामुळे त्यांना शर्यतीत स्वतः चालवायची परवानगी नाही.

फोटोग्राफरचा फोन आल्यापासून ते एकच पाना पुसत बसले होते. मला ते बघवेना. मी म्हटलं, मी आहे ना.

त्यांनी पाना खाली ठेवला. मग म्हणाले, या गाडीचा क्लच वेगळा आहे. मी म्हटलं, या गावातल्या निम्म्या लोकांचा डावा पाय मी घडवलाय, मला क्लच शिकवू नका. आमची लेक तिथेच उभी होती. ती उंच आहे, म्हणून घरात तिला शिडी म्हणतात. ती हसली, पण चांगल्या अर्थाने हसली असावी.

६ जानेवारी

आज गाडी पहिल्यांदा हातात घेतली. आमच्या फाटकात रस्त्यावर चढायला एक छोटा चढ आहे. माझ्या शाळेतल्या प्रत्येकाने त्या चढावर गाडी बंद पाडलेली आहे आणि प्रत्येकाला मी तिथेच धडा दिलेला आहे. आज तिथे माझी गाडी बंद पडली. परत सुरू केली, परत बंद. मग ती बेडकासारखी उडी मारून रस्त्यावर गेली आणि तिथे बंद पडली. शिकायला आलेल्या नर्सबाई हे सगळं बाकावर बसून बघत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

तर हा क्लच. साध्या गाडीत त्याची एकच मोठी प्लेट असते. ती हळूहळू पकडते. पकडलं आणि सोडलं यांच्या मधली जी जागा, तिला हाफ क्लच म्हणतात आणि माझी सगळी शाळा त्या जागेवर उभी आहे. मिस्त्रींच्या गाडीत धातूच्या तीन पातळ प्लेटी एकावर एक बसवल्या आहेत, बशीएवढ्या. त्यांना मधली जागाच नाही. पेडल दाबताना मांडी भरून येते आणि सोडताना सगळा कारभार बोटाच्या एका पेरात उरकतो. पेडल दाबून उभं राहिलं की खालून डब्यात खिळे हलवल्यासारखा खडखडाट येतो. मला वाटलं काहीतरी सुटलं. मिस्त्री म्हणाले, तो आवाज असाच असतो, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मूल पहिल्यांदा बोलल्यासारखा आनंद होता.

त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली. "इंजिन वर ने, पेडल सोड, आणि एकदा सोडलंस की विसर त्याला."

विसर म्हणे. मी उभी हयात क्लच लक्षात ठेवण्यात घालवली.

९ जानेवारी

डावी मांडी दुखते. जिन्यावरून उतरताना शिडीने विचारलं काय झालं. मी सांगितलं, काही नाही.

१३ जानेवारी

जमलं. जमलं म्हणजे काय, असं जमलं की मिस्त्रींनी हातातला चहा खाली ठेवला. फाटकाच्या चढावरून एका दमात रस्त्यावर, तिथून जुन्या दगडखाणीच्या रस्त्याला. सकाळी तिथे चिटपाखरू नसतं. वळणं, चढ, पुन्हा वळणं. गाडी बोट दाखवू तिकडे जाते. मी हसत होते एकटीच. पन्नाशीच्या बाईला असं गाडीत एकटीने हसताना कुणी पाहिलं असतं तर लायसन्स काढून घेतलं असतं.

मला स्वतःचा अभिमान वाटला, तो इथे लिहून ठेवते. दुसरीकडे कुठे सांगितला तर गर्व म्हणतील.

फक्त एक गोष्ट मी काढून टाकायला लावली. क्लचच्या डावीकडे मिस्त्रींनी एक लोखंडी पट्टी बसवली होती, पाय टेकायला. म्हटलं, मी काय आरामखुर्चीत बसणार आहे? माझा पाय कामावर असतो. शाळेच्या गाडीत माझ्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक आहेत आणि माझा पाय त्यांच्यावर सदैव तयार असतो, म्हणून आजवर माझ्या एकाही विद्यार्थ्याने कुणाला खरचटवलेलं नाही. मिस्त्रींनी मान हलवली आणि पट्टी काढली. वाद घातला नाही, हे त्यांचं चांगलं आहे.

१७ जानेवारी

नर्सबाई परीक्षेत पुन्हा नापास. चढावर गाडी बंद पाडली. बिचाऱ्या रडकुंडीला आल्या होत्या. म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही शेजारी असलात की गाडी लोण्यासारखी जाते. परीक्षेला साहेब शेजारी बसले की तीच गाडी माझं ऐकत नाही."

मी धीर दिला. माणसाला आत्मविश्वासच नसला तर शिकवणारा तरी काय करणार? आमच्या शिडीचंही तेच झालं. अठरा वर्षांची झाली तेव्हा हौसेने शिकायला बसली आणि चार दिवसांत सोडून दिलं. आता नोकरीला लागली तरी बसने जाते. मास्तरणीची मुलगी आणि गाडी येत नाही, लोक विचारतात तेव्हा मला मान खाली घालावी लागते. भित्री आहे, दुसरं काय.

२० जानेवारी

दगडखाणीच्या वरच्या चढाला आज जळका वास आला. इंजिन ओरडतंय आणि गाडी रेटत नाही. कशीबशी घरी आणली. मिस्त्रींनी रात्रीचं जेवण बाजूला ठेवून गिअरबॉक्स उतरवला. प्लेटी जळून निळ्या पडल्या होत्या.

मी म्हटलं, माल खराब लागला. ते प्लेट हातात फिरवत राहिले, मग विचारलं, "वळणांवर तुझा डावा पाय कुठे असतो?"

कुठे असतो म्हणजे? जिथे असायला हवा तिथे. मला हा प्रश्नच आवडला नाही. ज्यांना एका डोळ्याने दिसतं त्यांनी माझ्या पायाची चौकशी करू नये, असं मी बोलून गेले. नंतर वाईट वाटलं. पण सॉरी म्हणाले नाही, कारण प्रश्न खरंच चुकीचा होता.

२५ जानेवारी

रविवार. नणंदेकडे गेलो, घरच्या गाडीने. जाताना मिस्त्री चालवत होते, मी शेजारी, शिडी मागे. मिस्त्री हल्ली गाडी समोरच्याच्या फार जवळ नेतात, मला सारखं लक्ष ठेवावं लागतं. मध्येच शिडी मागून म्हणाली, "आई, तुझ्या पायाखालची मॅट बघ."

बघितली. रबराला डाव्या बाजूला भोक पडलंय, आरपार. मी म्हटलं, हल्ली वस्तू टिकतच नाहीत. यावर बाप आणि लेक आरशातून एकमेकांकडे बघून हसले. काय हसण्यासारखं होतं कुणास ठाऊक.

दुपारी बाप-लेक पान आणायला म्हणून गाडी घेऊन गेले होते. परत येताना मी चालवायला बसले तर पाय पेडलपर्यंत पोहोचेना. सीट पार मागे. असं हल्ली वरचेवर होतं. म्हटलं, मिस्त्री, म्हातारपणी तुमचे पाय लांब व्हायला लागलेत की काय? ते म्हणाले, असेल. शिडी खिडकीतून बाहेर बघत होती.

२ फेब्रुवारी

दुसरा सेटही जळला. त्याच चढावर, तोच वास.

भांडण झालं. भांडण म्हणजे मी बोलले आणि ते गप्प बसले, आमच्याकडे भांडण असंच होतं. आता गॅरेजमध्ये प्लेटींचा एकच सेट उरलाय. नवा मागवला तर शर्यतीच्या आधी पोहोचणार नाही. हा जळला की यंदाची शर्यत गेली.

शेवटी मिस्त्री म्हणाले, फोटोग्राफरचा एक मावसभाऊ चालवायला तयार आहे, त्याला बोलावू का? किती सांभाळून विचारलं त्यांनी. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी म्हटलं, बोलवा. आणि आत येऊन कपाट आवरायला घेतलं. आवरलेलंच होतं.

मला ती गाडी त्या घाटाच्या माथ्यावर न्यायची आहे. हे कुणाला सांगितलं नाही, इथे लिहिते. मिस्त्रींसाठी म्हणून सुरू केलं होतं, आता माझ्यासाठी हवंय. आयुष्यभर मी शेजारच्या सीटवर बसले.

५ फेब्रुवारी

काल काही लिहिलं नाही. आज लिहायलाच हवं, लाज वाटली तरी.

काल शिडी ऑफिसमधून आली आणि म्हणाली, आई, बस, तुला काहीतरी दाखवायचंय. दुसरा सेट जळायच्या आदल्या दिवशी मी दगडखाणीला गेले होते तेव्हा तिने मला न सांगता तिचा जुना मोबाइल पेडलांच्या वर चिकटवला होता. त्याचं चित्रीकरण. मला आधी रागच आला. मग बघितलं.

गाडी सरळ चालली आहे. क्लचची काही गरज नाही. आणि पेडलवर एक डावा पाय ठेवलेला आहे. टेकवलेला, जेमतेम, पण पेडल तेवढ्यानेही खाली गेलेलं दिसतं. वळण आलं की आणखी थोडं खाली. समोरून सायकलवाला आला, आणखी थोडं. माझाच बूट. मी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तेच. मी शपथेवर सांगितलं असतं की तो पाय तिथे नव्हता.

साध्या क्लचने हे वर्षानुवर्षं सोसलं असतं. या क्लचला पेरभर जागा, त्यात मी सतत बोट घालून बसलेली. प्लेटी पूर्ण पकडणार कशा? घासत राहिल्या आणि जळल्या. मिस्त्रींना पहिल्याच दिवशी प्लेट बघून कळलं होतं. त्यांनी विचारलंही होतं.

मी शिडीला म्हटलं, शेजारी बसून बसून सवय लागली गं. कुणी चुकलं तर सावरायला.

ती मोबाइल खिशात ठेवत म्हणाली, "आई, त्या चार दिवसांत मी जागची गाडी एकदाही स्वतः काढली नव्हती. दर वेळी तूच काढलीस. मला वाटायचं मी काढली, आणि मग तुझा पाय दिसायचा."

तिने हे न रागावता सांगितलं. मी उठले. चहा केला, तिला दिला, आणि नर्सबाई डोळ्यांसमोर आल्या.

६ फेब्रुवारी

मावसभावाला नको म्हणून कळवलं. मी कळवलं, मिस्त्रींच्या फोनवरून, मिस्त्रींना विचारून.

मग गॅरेजमध्ये जाऊन म्हटलं, ती पट्टी परत बसवता का? मला वाटलं होतं भंगारात गेली असेल. ती भिंतीवर खिळ्याला टांगलेली होती, माझ्या डोळ्यांसमोर, इतके दिवस. मिस्त्रींनी ती काढली, पुसली आणि बसवली. एका शब्दाने टोमणा मारला नाही. मला तर वाटत होतं एखादा तरी मारावा. मीच म्हटलं, तुमच्या डोळ्याबद्दल बोलले ते चुकलं. ते म्हणाले, "कोणत्या डोळ्याबद्दल?" एवढ्यावर मिटलं.

११ फेब्रुवारी

सवय जाता जात नाही. पाय पट्टीवर ठेवते आणि पुढच्या वळणाला बघते तर तो पेडलवर. शिडीने उपाय काढला. क्लच सोडला की मोठ्याने "पट्टी" म्हणायचं आणि पाय आपटायचा. आता मी स्वयंपाकघरातही पट्टी पट्टी करत फिरते. शेवटचा सेट अजून शाबूत आहे. मिस्त्री रोज गाडी आली की खाली वाकून वास घेतात आणि काही न बोलता उठतात.

नर्सबाईंच्या शिकवणीत आज मी माझ्या बाजूची पेडलं सोडून पाय मागे घेतले. चढावर त्यांनी गाडी इतक्या वेळा बंद पाडली की मागे गाड्यांची रांग लागली. मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. माझा पाय शिवशिवत होता. मी दोन्ही हातांनी माझाच गुडघा धरून बसले. शेवटी गाडी निघाली. धक्के खात निघाली, पण त्यांच्या पायाने निघाली. चढ संपल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली आणि पदराने डोळे पुसले. म्हणाल्या, "ही मी काढली ना?"

म्हटलं, तुम्हीच काढली.

१८ फेब्रुवारी

नर्सबाई पास. पेढ्यांऐवजी त्यांनी मला एक रबरी मॅट आणून दिली. कुणी सांगितलं त्यांना? शिडीवर माझा दाट संशय आहे.

२३ फेब्रुवारी

काल शर्यत झाली. काल लिहायचं त्राण नव्हतं, म्हणून आज सगळं सावकाश लिहिते. यातलं एक अक्षरही मला गाळायचं नाही.

गाडी मिस्त्रींनी ट्रकवर चढवून आदल्या दिवशीच नेली होती. मी आणि शिडी घरच्या गाडीने गेलो, मी चालवत. घाटाच्या पायथ्याशी पोहोचले तर आमच्या शर्यतीच्या गाडीच्या मागच्या काचेवर कुणीतरी शिकाऊ वाहनाची लाल पाटी चिकटवलेली. बाजूच्या टीममधली तरुण पोरं भलतीकडे बघत उभी. मिस्त्री तावातावाने ती काढायला निघाले. मी म्हटलं, राहू द्या. ती माझ्या धंद्याची पाटी आहे, मला तिची लाज नाही. ती तशीच घेऊन मी वर गेले.

सुरुवातीच्या रेषेवर पेडल दाबून उभी राहिले. खालून तो खडखडाट. झेंडेवाल्याने वाकून गाडीखाली पाहिलं. मी त्याला सांगितलं, तो आवाज असाच असतो. मांडी भरून आली होती. मिस्त्री कुंपणापलीकडे होते, हात खिशात घालून. मला त्यांचा चेहरा बघायचा नव्हता, पण बघितला. त्यांच्या खिशातल्या मुठी दिसत होत्या.

झेंडा पडला. इंजिन वर, पेडल सोडलं. "पट्टी," मी ओरडले आणि पाय आपटला.

पहिली वळणं कशी गेली ते आठवत नाही. मधलं मोठं वळण आठवतं, जिथून आमची गाडी दोनदा दोरीने परत आली होती. तिथे मागचं चाक जरा घसरलं आणि माझा डावा पाय आपोआप उचलला गेला. मला तो उचललेला कळला, हवेत असतानाच कळला. आयुष्यात पहिल्यांदा. मी तो परत पट्टीवर आणला. गाडीने रस्ता पकडला, आणि आम्ही दोघी त्या वळणाच्या वर गेलो. त्यापुढचा रस्ता त्या गाडीने कधी पाहिलाच नव्हता. मी तिला म्हटलं, बघ गं. वेड्यासारखं वाटेल, पण म्हटलं.

माथ्यावर पोहोचले. नंबर मधलाच आला, पहिल्यांत नाही आणि शेवटच्यांतही नाही. ज्यांनी पाटी लावली त्यांच्यातला एक जण मात्र माझ्या खाली आहे. त्याने येऊन पाटी काढू का म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं. ती आता आमच्या ऑफिसात लागणार आहे.

खाली आले तेव्हा मिस्त्री धावत आले नाहीत. ते चालत आले, गाडीसमोर गुडघ्यावर बसले, वाकून वास घेतला. दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा घेतला. मग उठून म्हणाले, "वास नाही."

तीस वर्षांच्या संसारात या माणसाने माझं केलेलं हे सगळ्यात मोठं कौतुक. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

परतायची वेळ झाली. मिस्त्री गाडीबरोबर ट्रकमधून येणार होते. मी घरच्या गाडीत चालवायला बसायला गेले तर डावा पाय उचलेना, त्या पेडलने पार पिळून काढला होता. म्हटलं, आता गाडी कोण नेणार? शिडीने किल्लीसाठी हात पुढे केला. मी तिच्याकडे बघत राहिले. तिने पाकिटातून लायसन्स काढून दाखवलं. नवं नव्हतं, कोपरे झिजले होते. मी मिस्त्रींकडे वळले तर ते ट्रकचा एक बोल्ट अत्यंत बारकाईने तपासत होते.

सगळ्या मागे ढकललेल्या सीट एकदम आठवल्या. मी सकाळच्या बॅचला निघाले की हे दोघं निघत असणार. रागवावं असं ठरवलं होतं, पण राहून गेलं. म्हटलं, पहिल्या खेपेत पास झालीस? ती म्हणाली हो. चढावर? ती म्हणाली, चढावरच. मी किल्ली दिली.

तिने सीट पार मागे घेतली, आरसे लावले, पट्टा लावला. मी शेजारी बसले. पायाखाली नर्सबाईंची नवी मॅट होती. मी बूट काढले, दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घालून बसले. शिडीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गाडी काढली.

पहिलं वळण मी पाहिलं. चांगलं घेतलं. दुसरंही पाहिलं. शाळा काढल्यापासून शेजारच्या सीटवर माझा कधी डोळा लागला नव्हता.

जाग आली तेव्हा इंजिन बंद होतं. गाडी आमच्या अंगणात उभी होती आणि शिडी मला न उठवता शेजारी बसून होती. मी विचारलं, कधी आलो? ती म्हणाली, मघाशीच.

फाटकातला तो चढ, जिथे आजवर प्रत्येकाने गाडी बंद पाडली, मीही पाडली, तो माझ्या लेकीने कसा घेतला ते मला सांगता येणार नाही. मी झोपले होते.